अभियांत्रिकीचे पहिले वर्ष: न कळलेले वेळेत कसे ओळखावे

अभियांत्रिकीला येणारे बहुतेक विद्यार्थी शाळेत गणित आणि विज्ञानात चांगले गुण मिळवून आलेले असतात, आणि तरीही पहिल्या सत्राच्या पहिल्या मोठ्या परीक्षेत त्यांच्यापैकी अनेकांना आयुष्यात प्रथमच अर्धा पेपर कोरा ठेवण्याची वेळ येते. विषय अवघड असतात, हे याचे नेहमी दिले जाणारे कारण खरे असले तरी अपुरे आहे. शाळेत आपली चूक आपल्याला लवकर कळत असे, कारण वही तपासली जाई, छोट्या चाचण्या होत आणि एखादा मुलगा मागे पडतो आहे हे त्याच्या आधी शिक्षकांच्या लक्षात येई. विद्यापीठात एखादा भाग शिकवला जाणे आणि त्यावर परीक्षा होणे यांच्यामध्ये कित्येक आठवडे जातात, आणि त्या काळात तुम्हाला तो भाग समजला की नुसता ओळखीचा झाला, हे सांगायला कोणीही येत नाही. त्यामुळे आपल्याला काय कळलेले नाही हे परीक्षेने सांगण्याआधी स्वतः शोधून काढणे, हे या वर्षातले खरे काम ठरते. पुढे सुचवलेल्या जवळपास सर्व गोष्टी त्याच कामासाठी आहेत.

पहिले दोन आठवडे

सुरुवातीच्या दिवसांत अभ्यास थोडा आणि ओळखीपाळखी जास्त असतात, म्हणून हा काळ हलका जातो. याच काळात प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, गुणांची विभागणी, असाइनमेंट देण्याच्या तारखा आणि प्रात्यक्षिकांचे दिवस एका कागदावर उतरवून तो समोर लावावा. वेगवेगळ्या विषयांच्या चार गोष्टी एकाच आठवड्यात येऊन पडणार आहेत, हे त्या कागदावर दोन महिने आधी दिसते.

दुसरे काम थोडे अप्रिय आहे. शाळेतील बीजगणित, त्रिकोणमिती, लॉगॅरिथम, सदिश आणि साधे विकलन यांवरची दहा-बारा गणिते पुस्तक बंद ठेवून सोडवून पाहावीत. पहिल्या वर्षाच्या कलनात (कॅल्क्युलसमध्ये) मुले ज्या जागी चुकतात, त्या जागी बऱ्याचदा कलन नसतेच. कंस सोडवताना चिन्ह बदललेले असते किंवा घातांकांचा नियम उलटा लावलेला असतो. या जुन्या भागात तीन-चार गणितांना अडकलात, तर नवीन विषय अंगावर येण्याआधी, म्हणजे लगेच, त्याची उजळणी करावी. दोन महिन्यांनी ती करायला वेळ राहत नाही आणि करावीशीही वाटत नाही.

लेक्चर आणि त्यानंतरची संध्याकाळ

फळ्यावरचे सर्व काही वहीत उतरवून घेण्यात तास संपतो आणि डोक्यात काहीच राहत नाही, हा अनुभव बहुतेकांना येतो. वहीत तीन गोष्टी नक्की असाव्यात: कोणता प्रश्न सोडवायला घेतला होता, कोणत्या गृहीतकावर पुढची मांडणी उभी आहे, आणि आपला धागा नेमका कोणत्या पायरीला सुटला. धागा सुटला तिथे समासात एक ठळक खूण करून पुढे ऐकत राहावे. तिथेच विचार करत बसलात तर पुढची दहा मिनिटेही जातात.

त्याच दिवशी संध्याकाळी वीस मिनिटे काढून, वही न उघडता, आज काय झाले ते कोऱ्या कागदावर लिहावे आणि मगच वहीशी ताडून पाहावे. हे करताना कंटाळा येतो आणि थोडी लाजही वाटते, कारण चार तासांपूर्वी स्पष्ट वाटलेली सिद्धता तिसऱ्या ओळीलाच अडते. परंतु आपल्याला हवी असलेली माहिती नेमकी तीच असते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत मात्र आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. आपल्याला जास्त आठवेल असा विश्वास पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. वही वाचत बसल्याने विषय येतो असे वाटते, आणि त्या वाटण्यावर विसंबूनच बहुतेक जण परीक्षेला जातात.

गणिते सोडवण्याची रीत

पहिल्या वर्षाचे यशापयश सर्वांत जास्त याच ठिकाणी ठरते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

शाळेतील गणित कोणत्या प्रकरणातले आहे हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे कोणते सूत्र लावायचे हा प्रश्न निम्मा सुटलेलाच असतो. विद्यापीठाच्या परीक्षेत परिस्थिती दिली जाते आणि सूत्र निवडण्याचे काम तुमच्यावर सोडले जाते. यंत्रशास्त्रातील एक साधे उदाहरण पाहू. आडव्या जमिनीवर १० किलोग्रॅमची एक पेटी आहे, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४ आहे आणि पेटीला २० न्यूटन बलाने आडवे ढकलले आहे. घर्षण बल किती? घर्षण म्हणजे गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया (जमिनीने पेटीला वर लावलेले बल, येथे पेटीच्या वजनाइतके) हे पाठ असलेला विद्यार्थी ३९.२ न्यूटन असे उत्तर काढून मोकळा होतो. हे उत्तर खरे मानले, तर पुढे ढकललेली पेटी मागे धावू लागली पाहिजे. वास्तविक ३९.२ ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. पेटी हलत नसताना घर्षण ढकलणाऱ्या बलाइतकेच, म्हणजे २० न्यूटन, असते. सूत्र बरोबर होते आणि आकडेमोडही बरोबर होती, फक्त ते सूत्र कशाविषयी बोलते हे माहीत नव्हते. पहिल्या वर्षात गुण जातात ते मुख्यतः अशा ठिकाणी.

म्हणून सूत्र शोधण्याआधी चित्र काढावे. यंत्रशास्त्रात ज्याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, त्यात एकच वस्तू वेगळी काढून तिच्यावर बाहेरून लागणारी सर्व बले दाखवायची असतात. त्या वस्तूने इतरांवर लावलेली बले त्यात येत नाहीत. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचे वजन आणि टेबलाची प्रतिक्रिया ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी आहे, असे सांगणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. ही दोन्ही बले एकाच पुस्तकावर लागतात, तर तिसऱ्या नियमातली जोडी नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असते. पुस्तकाच्या वजनाची जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला लावलेले ओढ बल. चित्र प्रामाणिकपणे काढणाऱ्याच्या हातून हा घोटाळा सहसा होत नाही. विद्युत विषयात हेच काम परिपथाचे चित्र करते, ज्यात विद्युतधारेची दिशा आधी ठरवून लिहायची असते.

सोडवलेली उदाहरणे हा या वर्षातला सर्वांत मोठा सापळा आहे. उत्तर समोर ठेवून वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते, परंतु पायरी पटणे आणि ती आपल्याला सुचणे या दोन गोष्टींत बरेच अंतर असते. पहिल्या सत्रात मी स्वतः एका विषयाची शंभरेक सोडवलेली उदाहरणे अशीच वाचून परीक्षेला गेलो होतो, आणि पहिल्या प्रश्नाची पहिली ओळ काय लिहावी हेही मला सुचले नव्हते. तेव्हापासून मी एक साधा नियम पाळत आलो. गणिताशी वीस मिनिटे झटावे. तरीही सुटले नाही तर उत्तराची फक्त पुढची एक ओळ पाहावी, पुस्तक मिटावे आणि तिथून पुन्हा स्वतः पुढे जावे. अशी मदत घेतलेल्या गणितापुढे खूण करून तीन-चार दिवसांनी ते कोऱ्या कागदावर सुरुवातीपासून सोडवावे. आठवड्यातून एकदा तीन-चार प्रकरणांतली गणिते सरमिसळ करून सोडवावीत, म्हणजे कोणती रीत कुठे लावायची हे ओळखण्याचा सराव होतो, जो एका प्रकरणाची सलग वीस गणिते सोडवून कधीच होत नाही.

उत्तर आल्यावर ते तपासण्याचे दोन उपाय स्वस्त आणि खात्रीचे आहेत. पहिला उपाय टोकाची किंमत घालून पाहण्याचा. घर्षणरहित उतरणीवरून घसरणाऱ्या वस्तूचे त्वरण जी गुणिले साइन थीटा येते; यात जी म्हणजे गुरुत्व त्वरण आणि थीटा म्हणजे उतरणीचा कोन. कोन शून्य केला तर त्वरण शून्य होते, आणि कोन ९० अंश केला तर ते जी इतके होते, म्हणजे वस्तू सरळ खाली पडते. दोन्ही गोष्टी पटतात. चुकून कोसाइन लिहिले असेल, तर सपाट जमिनीवर ठेवलेली वस्तू आपोआप धावू लागेल आणि चूक दहा सेकंदांत हाती लागेल. दुसरा उपाय एककांचा. प्रत्येक पायरीत आकड्यासोबत एकक लिहिण्याचा विद्यार्थ्यांना कंटाळा येतो, पण हा कंटाळा जाणकारांनाही महागात पडला आहे. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले, कारण जमिनीवरील एका संगणक प्रणालीने यानाच्या छोट्या इंजिनांचा आवेग पाउंड-बल सेकंदात दिला होता आणि पुढची गणना तो न्यूटन-सेकंदात आहे असे धरून चालली होती. दोन्ही एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. त्यामुळे यान ठरल्यापेक्षा बरेच खालून मंगळाच्या वातावरणात शिरले.

प्रात्यक्षिके, प्रोग्रामिंग आणि ड्रॉइंग

प्रात्यक्षिकाचे जर्नल मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवण्याचा मोह सर्वांना होतो, आणि तसे करणाऱ्यांना गुणही अनेकदा मिळतात. त्यात काय गमावले जाते हे साध्या लोलकाच्या प्रयोगावरून दिसेल. एक मीटर लांबीच्या लोलकाला एका आंदोलनासाठी सुमारे २ सेकंद लागतात. स्टॉपवॉच सुरू आणि बंद करताना मिळून ०.२ सेकंदांची चूक होते असे धरले, तर एकाच आंदोलनाच्या मापनात ती १० टक्के होते. आणि गुरुत्व त्वरणाच्या सूत्रात कालावधीचा वर्ग असल्यामुळे अंतिम उत्तरात ती सुमारे २० टक्क्यांवर जाते. वीस आंदोलनांचा एकत्र वेळ घेतला तर ४० सेकंदांत तीच ०.२ सेकंदांची चूक अर्धा टक्का होते आणि उत्तरातली चूक एका टक्क्यावर येते. "वीस आंदोलने मोजा" ही सूचना जर्नलमध्ये छापलेली असते. ती का दिली आहे हे मात्र स्वतः मोजणाऱ्यालाच कळते. लोलक लहान कोनातच का झुलवायचा, याचेही उत्तर तिथेच आहे. ते सूत्र लहान कोनाच्या गृहीतकावर काढलेले आहे, आणि २० अंशांवरून सोडलेल्या लोलकाचा कालावधी सूत्रापेक्षा पाऊण टक्क्याने जास्त भरतो. प्रयोगाला जाण्याआधी आपले उत्तर कोणत्या टप्प्यात यावे याचा अंदाज कागदावर लिहून नेण्याची सवय लावली, तर चुकीची जोडणी किंवा उपकरणाचा चुकीचा पल्ला प्रयोग चालू असतानाच लक्षात येतो.

प्रोग्रामिंगच्या वर्गात अडचण वेगळी असते. वर्गातली काही मुले कित्येक वर्षे प्रोग्राम लिहीत आलेली असतात आणि काहींनी पहिली ओळ आत्ता लिहिलेली असते. दुसऱ्या गटातल्यांनी पहिल्या गटाचा वेग पाहून हा विषय आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष काढू नये, कारण पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सहसा दुसरा गट समोर ठेवूनच आखलेला असतो. प्रोग्राम चालवण्यापूर्वी तो काय छापेल हे कागदावर लिहावे आणि मग चालवून पाहावे. सी भाषेत ५ भागिले २ केल्यास २.५ न येता २ येतात, कारण दोन्ही पूर्णांक आहेत. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ आहे का असे विचारले तर उत्तर "नाही" असे येते, कारण हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमके मांडता येत नाहीत आणि बेरजेत सतराव्या दशांश स्थळी एक ४ उरतो. आधी अंदाज बांधलेला असेल तरच अशा गोष्टींचा धक्का बसतो, आणि धक्का बसलेली गोष्ट विसरत नाही. चुकांचे संदेश वरून वाचायला सुरुवात करावी. सीसारख्या भाषेत पहिली चूक दुरुस्त केली की खालचे दहा संदेश बऱ्याचदा आपोआप नाहीसे होतात. एआयकडून तयार प्रोग्राम लिहून घेणे हे सोडवलेले उदाहरण वाचण्यासारखेच आहे: विद्यापीठाच्या नियमांत बसत असेल तर आपण लिहिलेल्या प्रोग्रामवर त्याचा अभिप्राय जरूर घ्यावा, परंतु कोऱ्या पडद्यावर पहिली ओळ लिहिण्याचे काम त्याच्याकडे देऊ नये.

अभियांत्रिकी ड्रॉइंगविषयी थोडक्यात. वस्तूची दृश्ये कागदावर मांडण्याच्या दोन पद्धतींपैकी फर्स्ट अँगल पद्धतीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते आणि थर्ड अँगल पद्धतीत ते वर येते, एवढा भेद मनात पक्का नसेल तर पुढचे सारे उलटे होते. ज्यांना वस्तू डोळ्यांसमोर आणता येत नाही, त्यांनी साबणाची वडी किंवा पुठ्ठा कापून तीच वस्तू हातात धरावी आणि फिरवून पाहावी. यात कमीपणा वाटण्याचे काहीही कारण नाही.

कोणाला विचारावे आणि कसे

प्राध्यापकांकडे जाऊन "सर, हे प्रकरणच समजले नाही" असे म्हटले, तर त्यांना सगळे प्रकरण पुन्हा सांगण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. आपण केलेला अपुरा प्रयत्न कागदावर घेऊन जावे आणि "इथपर्यंत आलो, या पायरीला प्रतिक्रिया शून्य का धरली ते कळले नाही" असे नेमके विचारावे. असा प्रश्न तयार करताना निम्म्या वेळा उत्तर जाण्याआधीच सापडते. प्राध्यापकांनी भेटीसाठी ठरवून दिलेली वेळ बहुतेकदा रिकामी जाते आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिथे रांग लागते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा तरी जाऊन यावे.

अभ्यासाचा गट तीन-चार जणांचा असावा आणि प्रत्येकाने गणिते आधी एकट्याने करून यावे. गटात एकाने सोडवायचे आणि बाकीच्यांनी मान डोलवायची असे सुरू झाले, तर तो गट म्हणजे सोडवलेल्या उदाहरणांचेच दुसरे रूप होते. ज्याला एखादा भाग आला आहे त्याने तो वहीत न पाहता इतरांना समजावून सांगावा. ऐकणाऱ्यांपेक्षा सांगणाऱ्याचाच फायदा यात अधिक होतो. सीनियर मंडळींकडून जुने पेपर आणि प्रात्यक्षिकांची कल्पना जरूर घ्यावी. "हा विषय आदल्या रात्री होतो" यासारखा सल्ला मात्र त्यांच्या निकालासह तपासून घ्यावा.

वेळ, झोप आणि मन

आठवड्यात १६८ तास असतात. रोज आठ तास झोपेचे ५६ आणि जेवण, आंघोळ, येणे-जाणे यांचे रोज तीन याप्रमाणे २१ तास काढले, तासिका व प्रात्यक्षिकांचे २५ तास धरले आणि तेवढेच २५ तास स्वतःच्या अभ्यासाला दिले, तरी ४१ तास उरतात. युरोपातील श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत एका पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक आणि प्रत्येक श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरलेले आहे, म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. त्यामुळे वर धरलेला भार अवास्तव नाही. वेळ पुरत नाही अशी तक्रार करणाऱ्यांचा वेळ बहुधा दोन तासिकांमधल्या मोकळ्या तासांत जातो. तो तास ग्रंथालयात घालवण्याची एवढी एक सवयही संध्याकाळ मोकळी करून देते, आणि संध्याकाळ मोकळी असणे गरजेचे आहे.

झोप कमी करून अभ्यास वाढवण्याचा हिशेब जमत नाही. तरुण प्रौढांना साधारण सात ते नऊ तास झोप लागते आणि दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेतही चालू राहते. शिवाय रात्रभर जागलेला विद्यार्थी आकडेमोडीत चुकतो आणि आपण चुकलो आहोत हेही त्याच्या लक्षात येत नाही.

घरापासून दूर आलेल्यांना पहिल्या दीड-दोन महिन्यांत एकटे वाटते, आणि आजूबाजूला सगळे हुशार असून आपणच कसेबसे आत आलो, असेही वाटते. शाळेतले पहिले-दुसरे आलेले सगळे एका वर्गात आणले, तर त्यांतल्या निम्म्यांना वर्गाच्या खालच्या अर्ध्या भागात जावेच लागणार, हे साधे अंकगणित इथे आठवावे. अभ्यासाशी संबंध नसलेला एखादा खेळ, वाद्य किंवा क्लब निवडून आठवड्यातून दोन वेळा नेमाने जाणे या काळात खरोखर उपयोगी पडते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, भूक नसेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर ते अभ्यासाच्या पद्धतीने सुटणारे नव्हे. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जावे, आणि घरी सांगावे.

पहिल्या निकालानंतर

पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका हातात आली की बहुतेक जण वरचा आकडा पाहून ती बॅगेत टाकतात. ती उत्तरपत्रिका घेऊन एक तास बसावे आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहावे: संकल्पनाच चुकली, रीत माहीत होती पण निवडता आली नाही, आकडेमोड चुकली, की वेळ संपला. चारही कारणांवरचे उपाय वेगळे आहेत. संकल्पना चुकली असेल तर प्राध्यापकांकडे जावे लागते. रीत निवडता आली नसेल तर सरमिसळ गणिते वाढवावी लागतात. आकडेमोडीसाठी एकके आणि टोकाच्या किमती आहेत. आणि वेळ संपत असेल तर जुने पेपर घड्याळ लावून सोडवावे लागतात. कारणे न पाहता नुसता "आता जास्त अभ्यास करीन" असा निश्चय केला, तर जास्तीचा वेळ बहुधा आधीच येत असलेल्या भागावर खर्च होतो, कारण तो भाग वाचायला बरा वाटतो. ही कारणे लिहिलेला कागद जपून ठेवावा आणि दुसऱ्या चाचणीनंतर असाच कागद पुन्हा तयार करून शेजारी ठेवावा. चारपैकी कोणता रकाना लहान झाला आणि कोणता तसाच राहिला हे पाहून पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक आखावे.